समासातली टीप कुणाची? हरवलेल्या ग्रीक व्याकरणकारांचा माग

अलेक्झांड्रियाचा व्याकरणकार अरिस्टार्कस याचं होमरवरचं भाष्य आज सलग कुठंच मिळत नाही. त्याच्यानंतरचा व्याकरणकार दिदिमस यानं 3,500 ग्रंथ लिहिले असं प्राचीन लेखक अथेनेअस सांगतो, रोमन लेखक सेनेका तर 4,000 म्हणतो. हाती उरले ते तुकडे. शोध सुरू करायचा व्हेनिसच्या मार्चियाना ग्रंथालयातल्या ‘व्हेनेटस ए’पासून. हे 10व्या शतकातलं होमरच्या इलियडचं हस्तलिखित.

त्यात जवळजवळ प्रत्येक सर्गाअखेर नोंद आहे की पानाच्या समासातल्या टिपा अरिस्टोनिकस, दिदिमस, हेरोडियन आणि निकानोर या चार व्याकरणकारांच्या ग्रंथांतून घेतल्या. अडचण अशी की एकेका टिपेला नाव बहुधा नसतं. वाटणी विषयावरून करावी लागते.

टीप ‘होटि’ (कारण, की) या शब्दानं सुरू होत असेल तर ती बहुतेक अरिस्टोनिकसची. अरिस्टार्कसनं ओळीशेजारी खूण का केली ते तो सांगतो. ‘खूण केली आहे’ एवढे शब्द गळालेले असतात. मग ओळीकडे बघा. आडवी रेघ, म्हणजे ओबेलोस, असेल तर ती ओळ होमरची नाही असा अरिस्टार्कसचा निवाडा. कोनासारखी डिप्ले असेल तर भाषेत किंवा आशयात काही टिपण्याजोगं आहे. खूण दिसली नाही म्हणून टीप लगेच बाद करू नका, नकलनवीस खुणा गाळतात.

वेगवेगळ्या प्रतींतले पाठभेद आले की दिदिमस. स्वराघात आणि शब्दारंभीचा महाप्राण यांची चर्चा हेरोडियनची. विरामचिन्हं निकानोरची, त्याच्याकडे आठ प्रकारचे विराम होते. लोक त्याला ‘स्टिग्मातियास’ म्हणत, ठिपकेवाला. डागलेल्या गुलामालाही हाच शब्द होता!

चुका होतात त्या जोडटिपांत. नक्कल करणाऱ्यानं दोघांची वाक्यं एकत्र केलेली असतात, त्यामुळे विषय बदलला तिथं टीप तोडा. काळही तपासा: दिदिमस इ.स.पू. 1ल्या शतकातला, हेरोडियन इ.स. 2ऱ्या शतकातला, तेव्हा हेरोडियनचं नाव घेणारं वाक्य दिदिमसचं असूच शकत नाही.

दुसरा धोका हावरेपणाचा. लेन्ट्झ या संपादकानं 1867–70मध्ये हेरोडियनच्या हरवलेल्या ग्रंथांची पुनर्रचना छापली, पण नाव नसलेलं बरंच साहित्य हेरोडियनच्या खात्यात घातलं. तिच्यातलं वाक्य थेट उद्धृत करू नका, मूळ जागा गाठा. स्वतःच्या यादीत दोन रकाने ठेवा: नावानिशी आलेलं एका रकान्यात, अंदाजानं जोडलेलं दुसऱ्यात.