कॅमेरा मॉड्यूलमधल्या लेन्सची जागा हॉल सेन्सरने कशी मोजावी

नागपूरच्या बर्डीवर भंगारात मिळालेलं ऑटोफोकस मॉड्यूल (आपोआप फोकस करणारा छोटा कॅमेरा) हाती असेल तर आधी बघा, लेन्स स्प्रिंगवर टांगलेली आहे की छर्ऱ्यांवर सरकते. इथली रीत स्प्रिंगवाल्यांची. छर्ऱ्यांवरची लेन्स फीडबॅकशिवाय, म्हणजे जागा सतत मोजून प्रवाह सुधारल्याशिवाय, अधेमधे नीट थांबत नाही. हॉल सेन्सर म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणारा तुकडा; लेन्स सरकली की चुंबकाचं क्षेत्र बदलतं आणि त्याचं रीडिंग मिलिव्होल्टमध्ये हलतं. तो ड्रायव्हर चिपच्या (कॉइलला प्रवाह देणाऱ्या चिपच्या) पोटात असेल, तर तेही मॉड्यूल बाजूला ठेवा.

जोडणी सोपी. लेन्स सरकवणाऱ्या कॉइलचा रोध साधारण 10 ते 30 ओम, हॉलच्या टोकांमधला बहुधा काही शे ओम. हॉलला 1 मिलिअँप स्थिर प्रवाह द्या, आउटपुट डिफरन्शियल अ‍ॅम्प्लिफायरमधून (दोन टोकांमधला फरक वाढवणारा) एडीसीला (व्होल्टेजचा आकडा करणारी चिप) न्या. कॉइलला 100 मिलिअँपची मर्यादा घाला. चिमटा लोहचुंबकाला न चिकटणारा हवा.

आता कॉइलचा प्रवाह 0 पासून 1-1 मिलिअँपने वर न्या आणि तसाच खाली आणा. दर पायरीला लेन्सची थरथर थांबायला 100 मिलिसेकंद द्या, मग 20 मिलिसेकंदांची सरासरी घ्या. 50 हर्ट्झचं एक आवर्तन तेवढंच असतं, त्यामुळे शेजारच्या कूलरची गुणगुण त्यातच मिटते.

घोळ होतो तो टोक ओळखताना. ‘रीडिंग बदलायचं थांबलं की टोक आलं’ हा सल्ला सर्रास मिळतो आणि तो चुकीचा आहे. लेन्स अडली तरी रीडिंग चढतच राहतं, कारण कॉइलचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्रही हॉलवर पडतं. टोकाला आलेखाची रेघ सपाट होत नाही, तिचा चढ मोडतो. तो मोड शोधा. मोडानंतरचा चढ म्हणजे निव्वळ कॉइलचा हिस्सा. समजा तो मिलिअँपला 0.05 मिलिव्होल्ट निघाला, तर 80 मिलिअँपला 4 मिलिव्होल्ट खोटे आहेत. लेन्स उचलली जाण्याआधीच्या सुरुवातीच्या पट्ट्यातही असाच चढ दिसेल. कॉइल लेन्ससोबत सरकत असेल तर या दोन चढांत थोडा फरक राहणारच, मधल्या भागात तो प्रमाणात वाटून टाका. फरक दुपटीचा असेल तर वजाबाकी करत बसू नका: लेन्स तिरकी अडतेय किंवा फटीत धूळ आहे. कॉइलचा हा हिस्सा न काढता केलेली पुढची सगळी मेहनत पाण्यात.

मिलिव्होल्टचे मायक्रॉन करायला लेसर मापक नसला तरी चालतं, फक्त मॉड्यूलचं चित्र दिसायला हवं. फोकल लांबी 4 मिलिमीटर असेल तर 1 मीटरवरच्या तक्त्याला लेन्स अनंताच्या जागेपासून 16 मायक्रॉन पुढे लागते, 20 सेंटिमीटरवर 82, 10 सेंटिमीटरवर 167. चित्र सर्वांत स्पष्ट होईल तिथलं, कॉइलचा हिस्सा वजा केलेलं रीडिंग टिपत जा. 10 सेंटिमीटरवर अंतर 1 मिलिमीटरने चुकलं तरी पावणेदोन मायक्रॉन गेले, म्हणून पट्टी घट्ट बसवा.

राहिलं ऊन. निओडायमियम चुंबकाची ताकद दर अंशाला सुमारे 0.11 टक्के घटते. मे महिन्यात सकाळचे 28 आणि दुपारचे 45 अंश धरले तर जवळपास 2 टक्के. 300 मायक्रॉनच्या पल्ल्यात हॉलवरचं चुंबकीय क्षेत्र मध्यावर शून्य असेल, तर टोकाला 3 मायक्रॉनची चूक. एफ/1.8 (मोठं छिद्र) आणि 1 मायक्रॉन पिक्सेलला एवढ्यात फोकस सुटतो. म्हणून एक आलेख सकाळी आणि एक भर दुपारी कूलर बंद करून काढा, आणि थर्मिस्टर (तापमान मोजणारा रोध) बोर्डावर नको, मॉड्यूलच्या पत्र्यालाच चिकटवा.