घरी बर्न केलेली डीव्हीडी सगळ्या प्लेअरवर चालावी म्हणून

लग्नाची किंवा मुंजीची डीव्हीडी संगणकावर नीट चालते, पण गावच्या घरातल्या जुन्या प्लेअरमध्ये घातली की ‘नो डिस्क’ येतं. दुसऱ्या एखाद्या घरी ती तासभर छान चालते आणि जेवणावळी सुरू झाल्या की चित्राचे चौकोन होऊ लागतात. तिसरीकडे चित्र दिसतं, आवाज नाही. या तीन तक्रारींची मुळं तीन ठिकाणी आहेत. पहिलीत प्लेअरला डिस्कचा प्रकार किंवा फाइलींची मांडणी ओळखता येत नाही. दुसरीत बर्निंगचा दर्जा किंवा बिटरेट (दर सेकंदाला जाणारा डेटा) आडवा येतो. तिसरीत आतला आवाज किंवा चित्र त्या प्लेअरला झेपणाऱ्या स्वरूपात नाही. कोणती तक्रार आहे हे आधी ठरवा, नाहीतर विनाकारण डिस्क वाया जातात.

‘संगणकावर चालते’ हा पुरावा मानू नका. संगणकाचा ड्राइव्ह खराब जागा पुन्हा पुन्हा वाचतो, वेग कमी करतो, आणि व्हीएलसीसारखा प्रोग्राम वेडीवाकडी फाइलही उघडतो. टीव्हीखालच्या प्लेअरला एवढी मुभा नसते. डीव्हीडीचा १एक्स वेग म्हणजे सेकंदाला साधारण ११.०८ मेगाबिट, आणि डीव्हीडी-व्हिडिओच्या नियमानुसार चित्र, आवाज मिळून कमाल १०.०८ मेगाबिट जाऊ शकतात. म्हणजे बिटरेट कमाल मर्यादेला नेऊन ठेवला तर एखादी जागा दुसऱ्यांदा वाचायला प्लेअरजवळ वेळच उरत नाही. बफर (पुढचा डेटा आधीच साठवून ठेवायची जागा) रिकामा होतो आणि चित्र अडकतं. पुढचा बराचसा सल्ला हा वेळ प्लेअरला मिळावा म्हणूनच आहे.

कोरी डिस्क कोणती घ्यावी

वाटायच्या प्रतींसाठी एकाच थराची, एकदाच लिहिता येणारी डिस्क घ्या: डीव्हीडी-आर किंवा डीव्हीडी+आर. आरडब्ल्यू, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणारी, घेऊ नका. छापील डीव्हीडी आणि एकदा लिहायच्या डिस्क लेझरचा ४५ ते ८५ टक्के प्रकाश परत पाठवतात. आरडब्ल्यू फक्त १८ ते ३० टक्के. जुन्या प्लेअरला ती दोन थरांची डिस्क वाटते, तो दुसरा थर शोधत बसतो आणि शेवटी हात टेकतो. आरडब्ल्यू स्वतःच्या चाचणीला ठेवा.

डीव्हीडी-आर १९९७ साली आली, +आर २००२ साली. त्यामुळे अगदी जुने प्लेअर -आर जास्त सहज घेतात. +आरची एक चांगली सोय मात्र आहे. डिस्कच्या सुरुवातीला तिचा प्रकार सांगणारी नोंद असते, तिला बुकटाइप म्हणतात. +आरवर बर्न करताना ही नोंद बदलून ‘डीव्हीडी-रॉम’ अशी लिहिता येते, म्हणजे प्लेअर तिला छापील डिस्क समजतो. ड्राइव्हमध्ये ही क्षमता हवी. इमेजबर्न या बर्निंगच्या प्रोग्राममध्ये बुकटाइप बदलायचा वेगळा पर्याय आहे. ड्राइव्ह बनवणाऱ्या कंपनीप्रमाणे योग्य टॅब निवडा. -आरमध्ये ही नोंद बदलता येत नाही. तेव्हा बुकटाइप बदलणारा ड्राइव्ह असेल तर +आर, नसेल तर -आर.

८.५ जीबीच्या दोन थरांच्या डिस्क टाळलेल्याच बऱ्या. त्यांचाही परावर्तनाचा आकडा आरडब्ल्यूइतकाच खाली असतो, आणि एका थरावरून दुसऱ्या थरावर जाताना स्वस्त प्लेअर तिथेच थांबतात. चार तासांचा समारंभ असेल तर दोन साध्या डिस्क करा. एक विधींची, एक स्वागतसमारंभाची. पाहणाऱ्यालाही तेच सोयीचं पडतं.

डब्यावरच्या नावावर फार विसंबू नका. एकाच ब्रँडच्या डब्यात वेगवेगळ्या कारखान्यांच्या डिस्क निघतात. कोरी डिस्क घालून इमेजबर्न उघडलं की उजव्या बाजूच्या माहितीत डिस्क आयडी दिसतो. खरा उत्पादक त्यावरून कळतो. जो आयडी तुमच्या ड्राइव्हवर चांगला बर्न होतो तोच पुढेही घ्या. आपल्याकडे वर्षानुवर्षं ज्यांच्या डिस्क सर्रास मिळत, ती नोएडाची मोझर बेअर २०१८ मध्ये अवसायनात गेली. दुकानातल्या कोपऱ्यात तिचा माल अजून दिसला तर तो किती जुना आहे हे ध्यानात घ्या. कोऱ्या डिस्कमधला रंगद्रव्याचा थरही उष्णतेने आणि दमटपणाने उतरतो. असा डबा घेतलाच तर एक डिस्क बर्न करून तपासा, मग बाकीच्या.

फाइल बनवताना

भारतात पाल पद्धत: ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम. अमेरिका, कॅनडा आणि जपानमध्ये एनटीएससी: ७२० बाय ४८०, सेकंदाला २९.९७ फ्रेम. इथले बहुतेक प्लेअर दोन्ही चालवतात; अमेरिकेत विकलेले अनेक प्लेअर पाल चालवत नाहीत. न्यू जर्सीच्या बहिणीला पाठवायची प्रत म्हणूनच वेगळी, एनटीएससीत करा. लंडन, दुबई किंवा सिडनीला पालच जाऊ द्या. रूपांतरात हालचाल थोडी अडखळते, म्हणून सगळ्यांसाठी एकच एनटीएससी प्रत काढण्याचा शॉर्टकट मला तरी पटत नाही. रीजन कोड, म्हणजे डिस्क जगाच्या कोणत्या भागातल्या प्लेअरवर चालेल ते सांगणारा आकडा, ‘सर्व’ ठेवा. भारताचा रीजन ५, अमेरिकेचा १. चुकून एखादा निवडला गेला तर दुसरीकडे डिस्क उघडणारच नाही.

आवाज एसी३ (डॉल्बी डिजिटल) स्वरूपात, स्टिरिओ, १९२ किंवा २२४ किलोबिट, ४८ किलोहर्ट्झ. एमपी२ हे आवाजाचं दुसरं स्वरूप पाल प्लेअरवर चालतं, पण एनटीएससी प्लेअरला ते चालवण्याचं बंधन नाही. तिकडे चित्र येऊन आवाज गायब होतो तो बहुधा यामुळेच. पीसीएम, म्हणजे न दाबलेला आवाज, सगळीकडे चालतो, पण स्टिरिओलाच दीड मेगाबिट खातो. सीडीवरून घेतलेलं सनईचं संगीत ४४.१ किलोहर्ट्झचं असतं. ते ४८ वर आणल्याशिवाय डिस्कवर टाकू नका.

आता बिटरेट. डब्यावर ४.७ जीबी असतं आणि विंडोज तेच ४.३८ दाखवतं, दोघंही बरोबर आहेत, मोजायची पद्धत वेगळी. डिस्क आतून बाहेर लिहिली जाते आणि सर्वांत जास्त चुका बाहेरच्या कडेला होतात. शिवाय बोटांचे ठसेही तिथेच पडतात. त्यामुळे विंडोजच्या मोजणीने ४.१ जीबीच्या पुढे जाऊ नका. त्या हिशेबाने चित्राचा सरासरी बिटरेट दीड तासाला ६.१ मेगाबिट, दोन तासांना ४.५ मेगाबिट बसतो. तासाभराच्या फिल्मला जागा भरपूर असली तरी ७ वर थांबा, आणि कमाल शिखर ८ च्या आत बांधा. दोन तासांहून जास्त मजकूर एका डिस्कवर कोंबला की नाचताना, फुलं उधळताना चित्र फुटतं. ते फुटणं एन्कोडिंगचं असतं, डिस्कचं नव्हे, आणि ते प्रत्येक प्लेअरवर त्याच जागी दिसतं. डिस्क खराब आहे की फाइल, हे ओळखायची ही सोपी खूण.

कॅमकॉर्डरच्या टेपवरून घेतलेल्या चित्रात फील्डचा (एका फ्रेमच्या एकाआड एक ओळींच्या दोन भागांचा) क्रम जपा. मिनी-डीव्ही टेपमध्ये खालचं फील्ड आधी असतं, एचडी कॅमेऱ्यांच्या चित्रात साधारणतः वरचं. क्रम उलटला तर टीव्हीवर चालणारा माणूस पुढे-मागे थरथरतो. संगणकाचा पडदा ही चूक बऱ्याचदा झाकतो, म्हणून ती लक्षातच येत नाही. फोनवरचं चित्रण बऱ्याचदा बदलत्या फ्रेम रेटचं असतं. ते आधी ठाम २५ फ्रेमवर आणा, नाहीतर ओठ आणि आवाज हळूहळू सुटे होत जातात.

डीव्हीडीस्टाइलरसारख्या मोफत प्रोग्राममध्ये हे सगळं ठरवता येतं. मेनू साधा ठेवा: दोन-तीन बटणं, हलणारी पार्श्वभूमी नको. दर पाच मिनिटांनी चॅप्टर टाका. एखाद्या जागी डिस्क अडकली तर पाहणाऱ्याला पुढे उडी मारता येते.

बर्न करताना

प्रोग्रामकडून थेट डिस्कवर बर्न न करता आधी आयएसओ फाइल (अख्ख्या डिस्कची एकाच फाइलीतली प्रत) बनवून घ्या आणि ती इमेजबर्नने लिहा. व्हिडिओ_टीएस हे फोल्डर डिस्कच्या मुळाशीच हवं, ‘आमचं लग्न’ नावाच्या दुसऱ्या फोल्डरच्या पोटात नको. फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) आयएसओ ९६६० अधिक यूडीएफ १.०२. विंडोज कोरी डिस्क घातल्यावर ‘यूएसबी फ्लॅश ड्राइव्हप्रमाणे’ वापरायची का विचारतं, तिथे हो म्हटलं की यूडीएफची नंतरची आवृत्ती लिहिली जाते आणि बहुतेक जुने प्लेअर ती डिस्क हातातही धरत नाहीत. इमेजबर्न आयएफओ फाइल (प्लेअरला मेनू आणि चॅप्टर कुठे आहेत ते सांगणारी) आणि तिची बीयूपी ही राखीव प्रत डिस्कवर पुरेशा अंतरावर ठेवतं, म्हणजे एका ओरखड्याने दोन्ही जात नाहीत. नुसती फाइल ओढून टाकल्यावर ही काळजी कोणी घेत नाही.

१६एक्सची डिस्क ८एक्सने लिहा. वेळ साधारण आठ-नऊ मिनिटं. १६एक्सने पाच-सहा मिनिटं लागतात, पण तो पूर्ण वेग ड्राइव्ह बाहेरच्या कडेलाच गाठतो, आणि ती कडा आधीच नाजूक. उलट ‘जितकं हळू तितकं चांगलं’ हेही खरं नाही. १६एक्सच्या डिस्कचं रंगद्रव्य जलद लिहिण्यासाठी बनवलेलं असतं, २एक्स किंवा ४एक्सवर बऱ्याच ड्राइव्हजवळ तिच्यासाठी योग्य लेझर-शक्तीचा हिशेबच नसतो. यूएसबीवर चालणारा बारीक ड्राइव्ह असेल तर तो हबला न लावता थेट संगणकाला लावा. वीज कमी पडली की बर्न अर्ध्यातच फसतं. सोबत दोन तोंडांची केबल आली असेल तर दोन्ही तोंडं लावा.

डिस्क शेवटी बंद व्हायलाच हवी, म्हणजे फायनलाइझ. घरगुती डीव्हीडी रेकॉर्डरवर केलेल्या डिस्क दुसरीकडे न चालण्याचं पहिलं कारण हेच: रेकॉर्डिंग झालं, डिस्क बाहेर काढली, मेनूतलं फायनलाइझ कोणी दाबलंच नाही. तीच डिस्क त्याच रेकॉर्डरमध्ये परत घालून ते करता येतं.

‘व्हेरिफाय’ चालू ठेवा, पण त्यातून फक्त डेटा बरोबर आहे इतकंच कळतं. दर्जा पाहायचा तर लाइट-ऑनसारख्या ड्राइव्हवर नीरो डिस्कस्पीडने स्कॅन करा. पीआय एरर (वाचताना सापडलेल्या चुका) २८० च्या खूप खाली आणि पीआय फेल्युअर (पहिल्या दुरुस्तीत न सुटलेल्या चुका) ४ च्या आत हवेत. आलेख शेवटाकडे उभा चढत असेल तर वेग किंवा डिस्क बदला. ड्राइव्हला स्कॅन जमत नसेल तर शेजाऱ्यांचा सर्वांत जुना प्लेअर मागून आणा. पहिला चॅप्टर, मधला एक, आणि शेवटची दहा मिनिटं न उडवता पाहा. पन्नास प्रती काढायच्या असतील तर ही चाचणी पहिल्या प्रतीवर करा, एकोणपन्नासाव्यावर नव्हे.

डिस्क हातात आल्यावर

कागदी गोल स्टिकर चिकटवू नका. तो किंचित जरी एका बाजूला सरकला तरी वेगाने फिरताना डिस्क डगमगते, आणि उन्हाळ्यात गोंद सुकून कागद आक्रसला की डिस्कच वाकते. वधूवरांचा फोटो हवाच असेल तर पांढऱ्या छापील पृष्ठाच्या डिस्क घ्या आणि इंकजेटवर छापा. नाव लिहायला सीडी मार्कर, तेही मधल्या पारदर्शक कड्याजवळ. वरच्या बाजूला बॉलपेन वापरणं डीव्हीडीपेक्षा सीडीला जास्त घातक, तरी दोन्हीवर टाळा.

पुसताना मधून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवून नाही. गोल ओरखडा एकाच मार्गावर लांबवर पसरतो आणि चूक दुरुस्त करायला प्लेअरला आजूबाजूचा चांगला डेटा मिळत नाही. कोकणासारख्या दमट हवेत डिस्क कापडी पाकिटांच्या अल्बममध्ये न ठेवता कडक डबीत, उभ्या, उन्हापासून दूर ठेवा. एखादा प्लेअर छापील डिस्कसुद्धा घेईनासा झाला असेल तर तुमच्या डिस्कला बोल लावण्याआधी त्याची लेन्स साफ करून पाहा. बर्न केलेल्या डिस्क तो आधी नाकारतो, छापील नंतर.

आयएसओ फाइल हार्ड डिस्कवर ठेवून द्या. तीन-चार वर्षांनी कुणाची प्रत अडकू लागली की तिच्यावरून नवी निघते, पुन्हा एन्कोड करायला नको.