जुनी नायलॉन तारांची सेमी-अकॉस्टिक गिटार घेताय? या चुका टाळा

नाशिकच्या इंदिरानगरातल्या एका फ्लॅटच्या हॉलमध्ये मी माझी पहिली जुनी नायलॉन तारांची सेमी-अकॉस्टिक, म्हणजे केबलने अँपलाही जोडता येणारी, गिटार तपासली. आत कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या, डोक्यावर पंखा कुरकुरत होता आणि विकणाऱ्या मुलाची आई दुसऱ्यांदा चहाचं विचारत होती. मी चार कॉर्ड वाजवले, आवाज गोड लागला, नऊ हजार मोजले आणि गिटार पाठीला लावून घरी आलो. आठवड्याभराने रात्री निवांत वाजवायला बसलो, तर मानेवरच्या पाचव्या पट्टीच्या (फ्रेटच्या) पुढे पहिली तार खरखरत होती आणि ब्रिजच्या (तारा जिथे बांधतात त्या लाकडी तुकड्याच्या) मागच्या कडेखाली लाइट बिलाचा कागद आरामात आत जात होता. मुलाने मला काहीच खोटं सांगितलं नव्हतं. मी काही विचारलंच नव्हतं.

तेव्हा पहिली गोष्ट, पंखा बंद करायला सांगा. अवघडल्यासारखं होतं, पण सांगा.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे या गिटारवर आधी कुठल्या तारा होत्या हे न बघणं. आपल्याकडे हा घोळ फार होतो. घरात कुणी हौसेने ‘स्पॅनिश’, म्हणजे नायलॉनची, आणतं, दोन महिन्यांत एक तार तुटते, आणि दुकानात जो संच हाताला लागेल तो, म्हणजे स्टीलचा, चढवला जातो. नायलॉनच्या सहा तारांचा मिळून ताण साधारण ४० किलोच्या आसपास असतो, स्टीलच्या नेहमीच्या संचाचा ७० च्या वर. नायलॉनच्या गिटारचं वरचं फळकूट पातळ, आतल्या आधाराच्या पट्ट्या नाजूक आणि ब्रिज नुसता सरसाने चिकटवलेला. जवळजवळ दुप्पट ओढ त्याने किती दिवस सोसायची? विकायच्या आधी स्टील काढून कोऱ्या नायलॉनच्या तारा लावल्या की फोटोत गिटार नवरीसारखी दिसते.

पण खुणा राहतात. पहिल्या दोन, सगळ्यात बारीक तारांखालच्या धातूच्या पट्ट्या (फ्रेट) बोटाने चाचपून बघा. साधं गुळगुळीत नायलॉन धातूला सहसा खड्डा पाडत नाही. तिथे घळ लागली तर ती बहुतेक स्टीलचीच. (खालच्या सुरांच्या जाड तारांवर धातूची वेटोळी असते, त्यामुळे तिथे थोडी झीज दिसली तर घाबरू नका.) मग डोक्याकडच्या खुंट्यांचे पांढरे रूळ बघा, त्यांत बारीक कापल्यासारख्या रेघा आहेत का. ब्रिजची भोकंही बघा. स्टीलच्या तारेच्या टोकाला धातूचा मणी असतो, तो मागून भोकात रुतून बसतो आणि कड चेपते. शेवटी गिटार डोळ्यांच्या पातळीला आडवी धरून ब्रिजकडे बघा. मागे पोट सुटलंय आणि पुढे खड्डा पडलाय असं दिसलं, तर चहा पिऊन निघा. पोट नसेल, पण ब्रिजखाली व्हिजिटिंग कार्डाचा कोपरा शिरत असेल, तर ब्रिज काढून पुन्हा चिकटवण्याचा खर्च किमतीतून वजा करूनच बोला.

दुसरी चूक विजेच्या बाजूची. इलेक्ट्रिक गिटारचा चुंबकाचा पिकअप (तारेच्या कंपनाचा विजेचा सिग्नल करणारा भाग) नायलॉनची तार ऐकू शकत नाही, कारण तिच्यात लोखंड नाही. म्हणून या गिटारींमध्ये बहुधा सॅडलखाली (ब्रिजमधला तुकडा, ज्यावर तारा टेकतात) पिझोची, म्हणजे दाबातून सिग्नल देणारी, पातळ पट्टी असते, तारेचा दाब तिच्यावर पडतो. पट्टीतून येणारा सिग्नल दुबळा, म्हणून कडेला तो वाढवणारा प्रीअँप आणि त्याला बॅटरी. आता विकणारा म्हणतो, ‘सेल नाहीये हो सध्या, पण चालू आहे एकदम.’ हे वाक्य मी सिडकोपासून नाशिकरोडपर्यंत ऐकलंय. आपली ९ व्होल्टची बॅटरी आणि आपली केबल खिशात ठेवून जा. काही मॉडेलना दोन पेन्सिल सेल लागतात, तेव्हा निघण्यापूर्वी बॅटरीच्या खणाचा फोटो मागवा. खण उघडल्यावर पत्तीवर हिरवट-पांढरी भुकटी दिसली, तर गिटार वर्षानुवर्षं तशीच पडून होती असं समजा. अँप नसेल तर ओळखीच्या गिटार क्लासमध्ये भेटायचं ठरवा. विकणारा याला कां-कूं करायला लागला की मला तरी उत्तर मिळतं.

केबल लावल्यावर एकेक तार सारख्या जोराने छेडा. एखादी दबकी येत असेल तर लगेच पिकअप गेला असं म्हणू नका. बऱ्याचदा कुणीतरी तारा खाली आणायला सॅडल घासलेला असतो आणि त्याचा तळ सपाट राहिलेला नसतो, मग एका तारेचा दाब पट्टीवर नीट पडत नाही. तळ सपाट करून बसवला की सुटतं. पण एखादी तार अजिबातच ऐकू येत नसेल आणि सॅडल नीट बसवूनही फरक पडत नसेल, तर पट्टी बदलावी लागेल. सगळी बटणं या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. करकर झाली तर बहुतेक वेळा धूळच असते, स्प्रेने जाते. जॅक हलवून बघा. त्याचा नट सैल पडला की केबल घालताना अख्खा जॅक आत फिरतो आणि वायरीला पीळ बसतो. आणि ‘बॅटरी लवकर संपते’ ही तक्रार ऐकलीत तर हसू दाबा. केबल जॅकमध्ये ठेवली की प्रीअँप चालूच राहतो, वाजवा नाहीतर झोपा.

तारांची उंची मोजायला शाळेतली छोटी पट्टी पुरते. बाराव्या पट्टीवर जाड तार ४ मिलिमीटरच्या आसपास, बारीक ३, हे क्लासिकलचं, म्हणजे पारंपरिक नायलॉन गिटारचं, नेहमीचं माप. पिकअपवाल्या, अरुंद मानेच्या मॉडेलांत थोडं कमी. बाराव्या पट्टीवर १ मिलिमीटर कमी करायचा तर सॅडल २ मिलिमीटर घासावा लागतो. सॅडल आधीच ब्रिजमधून जेमतेम डोकावत असेल, तर घासायला काही उरलेलं नाही. ट्रस रॉडच्या (मानेचा बाक सरळ करणाऱ्या आतल्या सळईच्या) भरवशावर राहू नका. पारंपरिक क्लासिकलमध्ये तो नसतोच, नव्या इलेक्ट्रोमध्ये, म्हणजे पिकअपवाल्यांत, असू शकतो. मोबाइलचा टॉर्च फळकुटाच्या मोठ्या गोल भोकात मारून बघा.

यात आपल्या हवेचाही हात असतो. गंगापूर रोडला जुलैत बघितलेली गिटार आणि तीच एप्रिलमध्ये बघितलेली, या दोन वेगळ्या गिटारी असतात. पावसाळ्यात लाकूड फुगतं, फळकूट वर येतं, तारा उंच वाटतात. उन्हाळ्यात लाकूड आक्रसतं, आणि मानेच्या कडेवरून अंगठा फिरवला की पट्ट्यांची टोकं टोचतात. टोचणं घासून जातं. पण त्याच कोरडेपणाने ब्रिजच्या खालून लाकडाच्या रेषेबरोबर चीर गेली असेल, तर ती पावसाळ्यात मिटल्यासारखी दिसते आणि पुढच्या मार्चमध्ये परत उघडते. म्हणून पावसाळ्यातल्या सौद्याला टॉर्च जास्त वेळ लावा, आतूनसुद्धा.

मानेची रुंदी मात्र हातानेच कळते. क्लासिकलचा नट (मानेच्या टोकाला तारा ज्यातून जातात तो तुकडा) ५२ मिलिमीटर, बऱ्याच इलेक्ट्रोंचा ४८. स्टीलवरून येणाऱ्याला ४८ सोपा जातो, बस.

जाहिराती शोधताना ‘नायलॉन’ एवढंच टाकू नका. लोक ‘सेमी-अकॉस्टिक’, ‘स्पॅनिश’, ‘क्लासिकल’ असं काहीही लिहितात, फोटोत ब्रिजवर तारांच्या गाठी दिसल्या की समजायचं. माझी दुसरी गिटार देवळाली कॅम्पातून आली, बदली झालेल्या कुटुंबाकडून. केसमध्ये वाळलेलं सिलिका जेलचं पाकीट होतं आणि जुन्या तारांचं रिकामं कव्हर, नायलॉनचं. घासाघीस मी थोडीच केली.

घरी आणल्यावर तारा नव्या घाला. दोन-तीन दिवस, कधी आठवडाभर, त्या सारख्या उतरतील. नायलॉन ताणून स्थिरावायला वेळ घेतं, खुंट्या बिघडलेल्या नसतात. त्यावरून रात्री साडेदहाला विकणाऱ्याला फोन लावू नका. मी लावला होता.