पेप्टाइडची व्हायल उघडण्याआधी या चुका टाळा

पेप्टाइडवर, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीवर, नव्याने काम करणाऱ्यांचा प्रयोग फसला की संशय आधी पेशींवर जातो, मग बफरवर. मी म्हणेन, आधी व्हायलसोबत (पुडीच्या छोट्या बाटलीसोबत) आलेलं तपासणीचं प्रमाणपत्र पुन्हा वाचा.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे 'प्युरिटी ९८ टक्के' हे वाचून पुडीतली ९८ टक्के पेप्टाइड आहे असं धरून चालणं. एचपीएलसीमध्ये, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या तपासणीत, २१४ किंवा २२० नॅनोमीटरच्या प्रकाशाला जे पीक (आलेखातले उंचवटे) दिसतात, त्यांच्या एकूण क्षेत्रफळात मुख्य पीकचा वाटा ९८ टक्के, इतकंच तो आकडा सांगतो. पाणी आणि क्षार त्यात धरलेलेच नसतात. शुद्धीकरणात वापरलेलं टीएफए हे आम्ल लायसिन, आर्जिनिन, हिस्टिडिन ही अमिनो आम्लं आणि मोकळं एन-टोक (साखळीचं सुरुवातीचं टोक) यांना धरून राहतं. वर सुकी पूड हवेतली ओलही ओढते. खऱ्या पेप्टाइडचं वजन सांगणारा आकडा वेगळा असतो, तो म्हणजे नेट पेप्टाइड कंटेंट.

हिशेब करून पाहा. पूड ५ मिलिग्रॅम, नेट कंटेंट ७५ टक्के, रेणुभार १२५०. म्हणजे पेप्टाइड ३.७५ मिलिग्रॅम, अर्थात ३ मायक्रोमोल. १ मिलिमोलर द्रावणाला ३ मिलिलिटर द्रावक पुरे. लेबलवरचे ५ धरून ४ मिलिलिटर घातलं, तर द्रावण ०.७५ मिलिमोलरच होतं आणि त्यावरून काढलेला प्रत्येक आलेख सरकतो. प्रमाणपत्रावर हा आकडा नसेल तर अमिनो आम्ल विश्लेषण मागून घ्या. ब्रॅडफर्ड ही प्रथिनं मोजायची रंगचाचणी लहान पेप्टाइडला नीट रंग देत नाही, आणि २८० नॅनोमीटरच्या प्रकाशाचं मोजमाप साखळीत ट्रिप्टोफॅन किंवा टायरोसिन ही अमिनो आम्लं असतील तरच कामाचं.

मास स्पेक्ट्रममध्ये (रेणूचं वस्तुमान दाखवणाऱ्या आलेखात) याच पेप्टाइडचा मोठा पीक ६२६ ला आला तर घाबरू नका. दोन प्रोटॉन चिकटले की वस्तुमान दोनाने भागूनच दिसतं. १२७३ म्हणजे सोडियम चिकटलेला. १२६७ मात्र दुर्लक्षू नका, मेथिओनिन या अमिनो आम्लाचं ऑक्सिडेशन झालेलं असू शकतं.

वस्तुमान जुळलं म्हणजे पेप्टाइड बरोबर, हेही खरं नाही. क्रम डावीकडे एन-टोक ठेवून लिहितात. मागणी देताना तो उलटा लिहिला गेला तर येणारा रेणू निराळा, पण वस्तुमान तेच! सी-टोक, म्हणजे साखळीचं शेवटचं टोक, अमाइड हवं की आम्ल, हेही स्पष्ट लिहा. दोन्हींत फरक जेमतेम १ डाल्टनचा (रेणूच्या वस्तुमानाचं एकक) आहे.

फ्रीजरमधली व्हायल खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका, नाहीतर आत दव धरतं. मेथिओनिन किंवा सिस्टेईन असेल तर डीएमएसओ हा द्रावक टाळा. द्रावणाचे छोटे वाटे करून गोठवा, पुन्हापुन्हा वितळवू नका.

आणि ९८ टक्के प्युरिटीतून एंडोटॉक्सिन (जिवाणूंपासून येणारं विष) किंवा निर्जंतुकपणाबद्दल काहीच कळत नाही. पेशींवर काम असेल तर एंडोटॉक्सिनची चाचणी वेगळी मागावी लागते. 'फक्त संशोधनासाठी' लिहिलेली व्हायल माणसाच्या शरीरात टोचण्यासाठी नसते, कुणी ऑनलाइन कितीही खात्री दिली तरी.