एजंटच्या चुकीमुळे खेळाडूचं नुकसान झालं तर काय करायचं

माझा भाचा कबड्डी खेळतो. त्याच्या फोनमध्ये एजंटचा मेसेज अजून आहे, "हो रे, भरलाय फॉर्म, तू प्रॅक्टिस कर." फॉर्म भरलाच नव्हता, तारीख निघून गेली आणि पोराचा अख्खा सीझन घरी बसून गेला. एजंटने हात वर केले, पण तो मेसेज होता म्हणून निदान बोलायला जागा होती.

म्हणून आधी हे करा. भांडायचं नंतर, चॅट पहिल्यांदा एक्सपोर्ट करा, ईमेल आणि बँकेच्या एन्ट्र्या काढून ठेवा आणि तो फोन फॉरमॅट करू नका, विकू नका. कोर्टात चॅट द्यायची तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं सर्टिफिकेट लागतं, त्यावर फोन ज्याच्या ताब्यात आहे त्याची आणि तज्ज्ञाची सही लागते, वकील ते तयार करून देतात.

आता मुद्दा जबाबदारीचा. आपल्याकडे एजंटला धरायचं ते मुख्यतः 1872 च्या करार कायद्याने. कलम 212 म्हणतं की एजंटने वाजवी काळजी घेऊन काम करायचं, आणि त्याच्या हलगर्जीपणाने किंवा कौशल्य कमी पडल्याने जे थेट नुकसान होईल ते भरून द्यायचं. सगळी मेख त्या "थेट" शब्दात आहे. ऑफर लेटर हातात होतं, एजंटने मुदतीत सही करून पाठवलं नाही, तर ते पैसे मागता येतात. पण "खेळलो असतो तर चमकलो असतो, मग जाहिराती मिळाल्या असत्या" हे लांबचं झालं, ते सहसा मिळत नाही, म्हणून आकडा मांडताना हवेत मांडू नका.

अमेरिकेत 2013 मध्ये एल्व्हिस ड्युमरव्हिल नावाच्या अमेरिकन फुटबॉल खेळाडूचं असंच झालं. पगार कमी करून घ्यायलाही तो तयार होता, पण सही केलेला फॅक्स डेन्व्हर ब्रॉन्कोजकडे काही मिनिटं उशिरा पोचला आणि टीमने त्याला सोडून दिलं. त्याने एजंट बदलला आणि बाल्टिमोर रेव्हन्सशी करार केला. आपल्याकडे असा दावा केला तर दुसरीकडे मिळालेले पैसे वजा होतात, आणि तुम्ही दुसरं काम शोधायची धडपड केली का हेही बघतात, तेव्हा रुसून घरी बसू नका.

काही गोष्टी मात्र एजंटवर ढकलताच येत नाहीत. नाडाच्या (राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्थेच्या) टेस्टिंग पूलमध्ये, म्हणजे अचानक डोपिंग चाचणी होऊ शकणाऱ्या खेळाडूंच्या यादीत, असाल तर ठावठिकाण्याची माहिती एजंटने भरली तरी जबाबदार तुम्हीच, 12 महिन्यांत 3 चुका झाल्या की 2 वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते, आणि "एजंट विसरला" हे कारण चालत नाही. ते लॉगिन स्वतःकडेच ठेवा, अगदी कळकळीने सांगते.

एजंटने तुम्हाला न सांगता तुमच्या व्यवहारात स्वतःचा फायदा करून घेतला असेल तर तो फायदाही मागता येतो, कलम 216. हिशोब मागा, लेखीच मागा. आणि पोरगं 18 चं नसेल तर ते स्वतः एजंट नेमूच शकत नाही, कागद आईबापांनी वकिलाला दाखवूनच करायचा.

नोटीस पाठवण्याआधी करारात लवादाचं कलम आहे का ते बघा, असेल तर बहुतेक वेळा आधी तिकडेच जावं लागतं. करार मोडल्याचा दावा साधारण 3 वर्षांच्या आत लावायचा असतो, आणि एजंट "बघू, करू" म्हणत राहिला म्हणून ती मुदत थांबत नाही.