जोसेफ दुसरा : उत्तर लिहिताना या चुका टाळा

ऑस्ट्रियाच्या जोसेफ दुसऱ्यावरचा प्रश्न आला की उत्तरपत्रिका तपासताना मी लाल पेनाचं टोपण उघडंच ठेवतो. 'प्रबुद्ध राजा' (म्हणजे नव्या बुद्धिवादी विचारांनी सुधारणा करणारा) म्हटलं की मुलं आरती ओवाळायला लागतात.

सगळ्यात चिवट वाक्य हे : "१७८१ मध्ये जोसेफने भूदासांना मुक्त केले." (भूदास म्हणजे जमीनदाराच्या जमिनीला बांधलेला शेतकरी.) मीही ते एकदा वर्गात ठणकावून सांगितलंय. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, मग १८४८ पर्यंत जमीनदाराच्या शेतावर वेठ कोण करत होतं?" माझी बोलतीच बंद! रात्री पुस्तकं काढून बसलो. १७८१ च्या फर्मानाने बोहेमियातल्या (आजच्या चेक प्रदेशातल्या) भूदासाला लग्न करायला, गाव सोडायला, पोराला कसब शिकवायला धन्याची परवानगी लागेनाशी झाली. वेठ मात्र राहिली. आईने, मारिया थेरेसाने, १७७५ मध्ये तिला आठवड्याला तीन दिवसांची मर्यादा घातली होती, इतकंच. (चेक भाषेत या वेठीला 'रोबोटा' म्हणतात, आपला रोबो तिथलाच.) वेठीऐवजी रोख पैसे घ्यायचा घाट जोसेफने १७८९ मध्ये घातला. पुढच्याच वर्षी तो वारला आणि भाऊ लिओपोल्डने तो बेत गुंडाळला. तेव्हापासून 'रद्द केले' लिहायच्या आधी मी समासात खरडतो : काय? कुठे? किती दिवस टिकलं?

कारकीर्द १७६५ पासून मोजू नका. पवित्र रोमन साम्राज्याचं सम्राटपद तेव्हा मिळालं, पण ऑस्ट्रियाचा कारभार १७८० पर्यंत आईच्या मुठीत होता. एकट्याच्या हाती आली ती दहा वर्षं.

"सर्व धर्म समान केले" हेही नको. १७८१ च्या सहिष्णुता फर्मानाने लुथरन, कॅल्विनपंथी (हे दोन्ही प्रोटेस्टंट) आणि ऑर्थोडॉक्स अशा कॅथलिक नसलेल्या ख्रिस्ती लोकांना खासगी उपासनेची मुभा मिळाली. पण त्यांच्या प्रार्थनाघराला मनोरा, घंटा किंवा रस्त्याकडे दार चालणार नव्हतं.

मरण्याआधी त्याने सगळं मागे घेतलं, असं लिहिणारेही पुष्कळ. जानेवारी १७९० ची माघार हंगेरीपुरती होती, आणि तिथेही सहिष्णुतेचं आणि भूदासांचं फर्मान त्याने राखलंच.

दहा मिनिटांचे व्हिडिओ बघून येणाऱ्यांना जोसेफची तळ उघडणारी शवपेटी (प्रेत खड्ड्यात सोडून पेटी पुन्हा वापरायची) तेवढी पाठ असते. ती योजना लोक खवळल्यावर लगेच मागे घेतली गेली. एका ओळीवर जागा देऊ नका. आणि संगीतकार मोत्झार्टला "सूर फार झाले" म्हणाल्याचा किस्सा काट मारून टाका, त्याला अर्धा गुणही मिळत नाही.