व्हर्नियर हातात दिला आणि माझी बोबडी वळली

मी डिप्लोमा मेकॅनिकल, त्यात एक वर्ष वायडी (इयर डाउन, म्हणजे विषय राहिल्याने वर्ष गेलेलं). 2016 ला लातूरहून पुण्याला आलो, भोसरीला चुलतभावाच्या रूमवर सहा जण राहायचो. रिझ्युमे काय असतो तेच माहीत नव्हतं, रूममधल्या एकाने त्याचा पेनड्राईव्हवर दिला, मी नाव, पत्ता, टक्के बदलले, झालं. कॅटिया (डिझाइनचं सॉफ्टवेअर), सेव्हन क्यूसी टूल्स (क्वालिटी तपासायच्या सात पद्धती) वगैरे त्याचंच तसंच राहिलं.

चाकणला एका छोट्या कंपनीत क्वालिटीसाठी बोलावलं. साहेबांनी पहिलंच विचारलं, सेव्हन क्यूसी टूल्स लिहिलंय, सांग बरं. फिशबोन, पॅरेटो, हिस्टोग्राम… पुढे गाडी बंद. मग त्यांनी एक बुश (पोकळ नळीसारखा पार्ट) आणि व्हर्नियर (बारीक माप घ्यायची सरकती पट्टी) हातात दिला, ओडी, म्हणजे बाहेरचा व्यास सांग म्हणाले. मी घाईघाईत जॉ (मापायचे जबडे) लावून रीडिंग सांगितलं. साहेब म्हणाले, झीरो बघितला का? नव्हता बघितला. दोन्ही जॉ बंद केले तर सरकत्या पट्टीचा झीरो मेन स्केलच्या झीरोवर नव्हताच, दोन रेघा पुढे होता. इंटरव्ह्यूसाठी तो मुद्दाम तसाच ठेवला होता म्हणे. लीस्ट काउंट (त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप) विचारला तो मात्र 0.02 मिलीमीटर बरोबर आला, पण का 0.02 ते सांगता येईना (49 मिलीमीटरचे 50 भाग केलेले असतात, म्हणजे एक भाग 1 मिलीमीटरपेक्षा 0.02 ने लहान, एवढंच होतं ओ ते). ती नोकरी हुकली अर्थातच.

तेव्हापासून माझा हिशोब एकच, ज्यावर दहा मिनिटं बोलता येतं तेवढंच कागदावर. मी कॅटिया काढून टाकलं, व्हर्नियर, मायक्रोमीटर, बोअर गेज ही मापाची साधनं ठेवली, कारण ती कॉलेजच्या लॅबमध्ये हाताळली होती, आणि प्रोजेक्टमध्ये ग्रुपने काय केलं ते नाही, मी काय केलं ते दोन ओळीत लिहिलं. वडिलांचं नाव, धर्म, लग्न झालंय की नाही, खालचं ते 'वरील माहिती खरी आहे' वालं डिक्लेरेशन, हे सगळं उडवलं तरी कुणी काही विचारलं नाही, उलट सगळं एका पानात बसलं.

वायडीचं पण सांगतो. मी आधी आजारी होतो म्हणून ठोकून द्यायचो, मग काय झालं होतं, कुठे ॲडमिट होता, चालू. नंतर सरळ सांगायला लागलो की सर एम-थ्री (गणित) आणि स्ट्रेंथ (स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स) हे विषय राहिले होते, त्या वर्षात गावाकडे एका लेथवाल्याकडे काम केलं. मग पुढचे प्रश्न लेथवरचेच आले, ते मला येत होते.

आता पगार. महिना 20,000 सीटीसी (कंपनीला आपल्यावर येणारा एकूण खर्च) म्हटलं की पोरं घरी फोन करून वीस हजार सांगून मोकळी होतात. अरे त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ धरलेला असतो, कंपनीचा ईएसआय (सरकारी आरोग्य विमा) आणि ग्रॅच्युइटीही (नोकरी सोडताना मिळणारी रक्कम) बहुतेक ठिकाणी धरतात. उरलेल्यातून परत आपला बेसिकच्या 12 टक्के पीएफ, ईएसआय 0.75 टक्के आणि मुलांचा प्रोफेशन टॅक्स 200 (फेब्रुवारीत 300) जातो. बेसिक 12,000 असेल तर हातात साधारण साडेपंधरा हजार येतात, त्यातून कँटीन आणि बस कापली तर अजून कमी. म्हणून एचआरला न लाजता विचारायचं, मॅडम इनहँड किती? राग येत नाही त्यांना, रोजचाच प्रश्न आहे.

युनिफॉर्मचं डिपॉझिट, ट्रेनिंग फी असलं काही कुणी आधी मागितलं तर तिथून उठायचं, मी 1,500 घालवलेत.

आणि यूएएन, म्हणजे आपला पीएफचा कायमचा नंबर! पहिल्या नोकरीत जो मिळतो तोच पुढच्या कंपनीत द्यायचा, नवीन काढू नका. जॉइन होतानाच आधारवरचं आणि पीएफमधलं नाव स्पेलिंगसकट एक आहे का बघा. सोडलेल्या कंपनीने एक्झिट डेट (नोकरी सोडल्याची तारीख) टाकली नसेल तर दोन महिन्यांनी आपल्याला पीएफच्या पोर्टलवर टाकता येते, मी ते तीन वर्षं बघितलंच नाही, त्यात काँट्रॅक्टरने माझ्या नावात एक ए जास्तीचा घातलेला, तो अजून निस्तरतोय.